परदेशातला वर्ग, नाशिकमधली पेन्शन

महाराष्ट्रातल्या शिक्षकांच्या दोन पिढ्यांमध्ये १ नोव्हेंबर २००५ ही तारीख आडवी उभी आहे. त्याआधी अनुदानित शाळेत नेमणूक झालेल्याला निवृत्तीनंतर शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता आणि त्याच्यामागे जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन. त्यानंतर लागलेल्याच्या पगारातून अंशदान कापलं जाऊ लागलं, ते बाजारात गुंतवलं जाऊ लागलं आणि शेवटी हाती काय पडणार हे बाजारावर सोपवलं गेलं. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यातले कर्मचारी आठवडाभर संपावर गेले ते यासाठीच. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारली तेव्हा या मागणीला थोडंफार उत्तर मिळालं. पण हे सगळं सरकारी पगारपत्रकावर नाव असलेल्यांपुरतं. नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत ज्या खासगी इंग्रजी शाळा उभ्या राहिल्या, ज्या विनाअनुदानित तुकड्या वर्षानुवर्षं अनुदानाची वाट पाहत चालू आहेत, तिथे शिकवणाऱ्यांचं नाव त्या पत्रकावर नाही. त्यांच्या वाट्याला येते ती भविष्य निर्वाह निधीची पेन्शन, आणि तीही संस्थेने पीएफ नियमित भरला असेल तर. तिचा हिशोब सरळ आहे: पेन्शनपात्र पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० ने भागायचं. या पेन्शनपात्र पगाराची कमाल मर्यादा सप्टेंबर २०१४ मध्ये १५,००० रुपये ठरली. त्या मर्यादेने हिशोब केला तर तीस वर्षं फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या शिक्षिकेला महिन्याला साडेसहा-सात हजार रुपये मिळतात. डाळ-तेलाचे भाव कुठेही गेले तरी तो आकडा त्यांच्यामागे जात नाही.

अशा शिक्षिकेला एक नवी वाट खुणावते आहे. परदेशात जायचं, इंग्रजीतून शिकवायचं, दहा-बारा वर्षं हात आखडून पैसा साठवायचा आणि चाळिशी-पंचेचाळिशीत निवृत्त व्हायचं. या कल्पनेचा जन्म अमेरिकेतला. १९९२ साली आलेल्या ‘युअर मनी ऑर युअर लाइफ’ या पुस्तकाने काटकसरीतून पोटापाण्याच्या कामापासून मोकळं होण्याचा विचार लोकांपुढे ठेवला. १९९४ मध्ये विल्यम बेंगन या आर्थिक सल्लागाराने त्याला आकडा दिला. शेअर आणि रोख्यांत ठेवलेल्या पुंजीतून पहिल्या वर्षी चार टक्के काढले आणि पुढे ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवत नेली, तर पुंजी तीस वर्षं पुरते, असं त्याने अमेरिकी बाजाराच्या इतिहासावरून दाखवलं. उलटा हिशोब केला की वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट पुंजी जमवायची. अमेरिकेतला एखादा पदवीधर दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायला जातो, त्याला राहायला घर मिळतं, विमानभाडं मिळतं, निम्मा पगार शिल्लक पडतो. त्याच्यापुरती ही वाट खरी आहे. नाशिकच्या शिक्षिकेपुढे ती जशीच्या तशी ठेवणं मात्र तिची फसवणूक ठरेल. परदेशातली नोकरी तिला लवकर निवृत्त करेल असं मला वाटत नाही. जी पेन्शन तिला कोणीच देणार नाही ती स्वतःची स्वतः उभी करण्याचं बळ ती नोकरी देऊ शकते, आणि हे बळ पंचेचाळिशीत आलं तर पुढची पंधरा वर्षं काय शिकवायचं, कुठे शिकवायचं, हे पगार बघून ठरवावं लागत नाही. माझ्या मते ही मिळकत लवकर निवृत्तीपेक्षा मोठी आहे. मात्र ती मिळते की हातची जाते याचा निकाल परदेशात कमी आणि नाशिकमध्ये जास्त लागतो.

आधी नोकरी कुणाला मिळते ते पाहू. दक्षिण कोरियात परदेशी भाषाशिक्षकांना मिळणारा ई-२ व्हिसा इंग्रजीसाठी मुळात सात देशांच्या नागरिकांपुरता आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. २०१० पासून अमलात आलेल्या भारत-कोरिया करारात इंग्रजीची पदवी आणि अध्यापनाचं प्रमाणपत्र असलेल्या भारतीयांसाठी एक फट ठेवली गेली, पण ती फटच. पूर्व आशियात इंग्रजी शिकवणारा म्हणून जो चेहरा आणि जे पारपत्र हवं असतं ते आपल्याकडे नाही. भारतीय शिक्षकाचा जोर वेगळ्या जागी आहे. गणित, भौतिकशास्त्र, संगणक, हिशेबशास्त्र हे विषय तो इंग्रजीतून शिकवतो. हेच बळ घेऊन भारतीय शिक्षक हैले सेलासींच्या इथिओपियात गेले, तेलाचा पैसा वाहत होता तेव्हा नायजेरियात गेले, भूतान आणि मालदीवच्या शाळांत गेले. आज त्यांची सर्वांत मोठी बाजारपेठ आखाती देशांतल्या सीबीएसई शाळांची. तिथली मुलं भारतीय, पुस्तकं भारतीय, परीक्षा भारतीय. पगार तेवढा दिरहम, रियाल किंवा दिनारमध्ये. सरकारी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. त्या काळात मराठी माध्यमातून शिकून पुढे बी.एड. झालेली नाशिक जिल्ह्यातली पिढी आज परदेशात जाण्याच्या वयात आहे. विषय तिला येतो, वर्गात इंग्रजी बोलण्याचा सराव तेवढा कमी पडतो. हा अडसर कष्टाने दूर होण्यासारखा आहे.

कागदपत्रांचा अडसर जास्त चिवट. दुबईला जायचं तर पुणे विद्यापीठाच्या पदवीवर आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या दूतावासाचा, आणि तिथे पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा, अशी साखळी पूर्ण करावी लागते. एका कडीत नावाचं स्पेलिंग चुकलेलं निघालं की पुढचं सगळं थांबतं; लग्नानंतर आडनाव बदललेल्या शिक्षिकांना याचा त्रास जास्त. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नाशिकचंच. नोकरी सांभाळून तिथून पदवी घेतलेल्या शिक्षकांची संख्या इथे मोठी आहे. पण दूरशिक्षणाच्या पदवीला आखाती देशांत समकक्षता मिळवताना अनेकदा अडचण येते. म्हणून एजंटाला पैसे मोजण्याआधी ती चौकशी करावी, आणि एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या नोंदणीतला आहे का हे ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहावं. दहावी झालेल्याच्या पासपोर्टला सरकारी परवानगीची अट लागत नाही. त्यामुळे शिक्षक मजुराइतका सरकारच्या नजरेखालून जात नाही, आणि फसवला गेला तर तितकाच एकटा पडतो.

आता मुख्य हिशोब. समजा, शारजाच्या भारतीय शाळेत एका शिक्षिकेला ४,५०० दिरहम पगार आहे आणि दुसऱ्या एका शिक्षिकेबरोबर वाटून घ्यायची खोली शाळेने दिली आहे. दिरहम २२ रुपयांचा धरला तर हे ९९,००० रुपये झाले. अमिरातीत पगारावर आयकर नाही. जेवण, फोन, वर्षाचं येणं-जाणं भागवून ती दरमहा ५०,००० रुपये बाजूला टाकते, आणि गुंतवणुकीवर वर्षाला आठ टक्के मिळतात असं धरू. दहा वर्षांनी तिच्याकडे साधारण ९१ लाख रुपये जमतात. आकडा ऐकून छाती फुगते. पण या दहा वर्षांत महागाई सहा टक्क्यांनी वाढत राहिली तर त्या ९१ लाखांची किंमत आजच्या पैशांत ५१ लाखच उरते. बेंगनचे चार टक्के तीस वर्षांसाठी होते, तेही अमेरिकेतले. पंचेचाळिसाव्या वर्षी थांबणाऱ्या बाईला चाळीस वर्षं काढायची आहेत, आणि आपल्याकडची महागाई तिकडच्यापेक्षा जास्त. म्हणून साडेतीन टक्केच काढणं शहाणपणाचं. तसे काढले तर आजच्या पैशांत महिन्याला पंधरा हजार रुपये हाती येतात. इंदिरानगरमध्ये स्वतःचं घर असलेल्या एकट्या बाईचाही त्यात निवांत संसार होत नाही, आजारपण तर लांबच. नवरा-बायको दोघंही शिकवत असतील आणि मिळून दरमहा एक लाख रुपये टाकत असतील तर हे आकडे दुप्पट होतात: आजच्या पैशांत एक कोटी दोन लाख, महिन्याला तीस हजार. आखातातल्या भारतीय शाळांत नवऱ्याच्या व्हिसावर राहून शिकवणाऱ्या बायका पुष्कळ. त्यांना घरभाडं किंवा व्हिसा शाळेकडून मिळत नाही आणि पगारही कमी. पण घर नवऱ्याच्या पगारावर चालत असेल तर बाईचा सगळा पगार शिल्लक पडू शकतो. दुपटीचं गणित जमतं ते अशाच घरांत.

तीस हजारांत निवृत्ती म्हणजे ओढाताण. पण हीच पुंजी न काढता तशीच ठेवली तर? पंचेचाळिसाव्या वर्षी परत आलेलं जोडपं नाशिकमध्ये आपला चालू खर्च भागेल इतकंच कमावतं आणि साठीपर्यंत पुंजीला हात लावत नाही असं समजा. आठ टक्के वाढ आणि सहा टक्के महागाई याच हिशोबाने ती आजच्या पैशांत एक कोटी पस्तीस लाखांच्या आसपास जाते. साडेतीन टक्क्यांनी महिन्याला जवळपास चाळीस हजार, तेही दरवर्षी महागाईबरोबर वाढणारे. जुन्या पेन्शनशी तुलना करण्यासारखा हा आकडा आहे. म्हणजे दहा वर्षांच्या परदेशातल्या नोकरीने आयुष्यभराचा खर्च विकत घेता येत नाही, म्हातारपणाचा घेता येतो. पंचेचाळीस ते साठ या वर्षांत काम चालू राहतं, फक्त त्यातून भविष्यासाठी काही शिल्लक टाकण्याची सक्ती उरत नाही. ज्यांना हा फरक किरकोळ वाटतो त्यांनी महिन्याच्या पगाराचे किती भाग उद्याच्या भीतीपोटी बाजूला पडतात हे स्वतःच्या वहीत मांडून पाहावं.

हे गणित पगाराच्या आकड्यापेक्षा पगार कोणत्या चलनात मिळतो यावर जास्त उभं असतं. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. तेव्हा डॉलर ३६ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे दिरहम दहा रुपयांच्या आतबाहेर. २०२२ मध्ये डॉलर ऐंशीच्या पार गेला आणि दिरहम बावीसच्या आसपास पोचला. पगार वाढला नाही तरी घरी पोचणारे रुपये वाढत गेले. नायजेरियात गेलेल्यांच्या वाट्याला याच्या उलटं आलं. १९८६ मध्ये तिथलं चलन, नायरा, बाजारभावावर सोडलं गेलं आणि काही वर्षांत ते कोसळलं. ज्यांची बचत नायरात पडून होती त्यांच्या कष्टाचं पाणी झालं. मालदीवमध्ये पगार रुफियात मिळतो आणि देशात डॉलरची टंचाई असते, त्यामुळे घरी पैसे पाठवण्यावर बँका मर्यादा घालतात. पगार चांगला, समुद्र सुंदर, पण पैसा बेटावरच अडकतो. कुवेतची गोष्ट याहून कठोर. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळलं आणि १,७०,००० पेक्षा जास्त भारतीयांना विमानाने मायदेशी आणावं लागलं. ज्यांनी आयुष्याची कमाई कुवेतच्या बँकेत ठेवली होती ते रिकाम्या हातांनी उतरले. भरपाई मिळाली ती संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडे अर्ज करून, वर्षांनंतर. म्हणून दर महिन्याची बचत त्याच महिन्यात भारतात आली पाहिजे, हा नियम मी बाकी सगळ्यांच्या वर ठेवतो.

भारतात आलेला पैसा कुठे जातो, इथे खरी अडचण सुरू होते. केरळमधल्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेने १९९८ पासून स्थलांतराची पाहणी चालवली आहे. तिच्यातून दिसलं ते असं की आखातातून आलेल्या पैशाचा मोठा भाग रोजच्या खर्चात, घर बांधण्यात, लग्नात आणि कर्जफेडीत गेला. हे वाईट झालं असं म्हणता येणार नाही; पक्कं घर आणि शिकलेली मुलगी हीही संपत्तीच. पण त्यातून महिन्याचं उत्पन्न उभं राहत नाही. नाशिकमध्ये याला आणखी एक ओढ आहे, जमिनीची. समृद्धी महामार्ग झाला, २०२७ चा सिंहस्थ येतो आहे, वळण रस्त्यांचे नकाशे फिरतात, आणि ‘आत्ताच घेऊन टाक, पुन्हा हा भाव मिळणार नाही’ असा फोन शारजाला जातो. या फोनबद्दल दोन गोष्टी कायद्याने ठरलेल्या आहेत. परदेशस्थ भारतीयाला भारतात शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. वारसाने मात्र मिळू शकते. महाराष्ट्रात तर शेतकरी नसलेल्या कुणालाच शेतजमीन घ्यायला कूळकायदा आडवा येतो. तेव्हा दिंडोरीला दोन एकर द्राक्षबाग घेऊन चाळिशीत स्थिरावायचं, हे स्वप्न ती परदेशात असताना तिच्या नावावर कायदेशीरपणे पुरं होऊ शकत नाही. भावाच्या नावावर घेऊन ठेवू म्हटलं तर सातबारावर भावाचं नाव लागतं, आणि पुढे काय होतं हे जिल्हा न्यायालयातल्या वाटपाच्या दाव्यांनी पुरेसं दाखवलं आहे. आणि समजा बाग मिळाली, तरी ती पेन्शन नव्हे. ऑक्टोबर छाटणीनंतर आलेला एक अवकाळी पाऊस वर्षाचं उत्पन्न नेतो. शेती हा पूर्णवेळचा धंदा आहे, निवृत्तीची सोय म्हणून तिच्याकडे पाहणं शेतीवरही अन्याय.

राहता फ्लॅट स्वतःचा असावाच, कारण वरच्या हिशोबात घरभाडं धरलेलं नाही. दुसऱ्या फ्लॅटबद्दल मात्र मी आग्रहाने नाही म्हणेन. बहुतेक भारतीय शहरांत फ्लॅटचं वर्षाचं भाडं किमतीच्या दोन-तीन टक्क्यांच्या घरात असतं. साठ लाखांच्या फ्लॅटचे महिन्याला दहा ते पंधरा हजार, त्यातून देखभाल, रिकामे महिने आणि रंगरंगोटी वजा. तो फ्लॅट कर्जावर घेतला असेल तर शारजातली दहा वर्षं बँकेसाठी राबण्यात जातात. त्यापेक्षा अनिवासी खात्यातली मुदत ठेव आणि निर्देशांकावर चालणारे म्युच्युअल फंड यांची सरमिसळ कंटाळवाणी असली तरी कामाची. एनआरई खात्यातलं व्याज ती अनिवासी आहे तोवर करमुक्त असतं. कायमची परत आली की ते खातं निवासी करून घ्यावं लागतं आणि ती सवलत संपते. पीपीएफ खातं जाण्याआधी उघडलेलं असेल तर मुदत संपेपर्यंत चालवता येतं, तिथे गेल्यावर नवं उघडता येत नाही. म्हणून विमानात बसण्याआधीच्या महिन्यात करायची ही छोटी कामं पगाराच्या वाटाघाटीइतकीच महत्त्वाची. नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचंही तसंच. अमिरातीच्या कायद्याप्रमाणे पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि पुढे दरवर्षी ३० दिवसांचा पगार मिळतो. दहा वर्षांना हे २५५ दिवस, म्हणजे साडेआठ महिने झाले. पण हा मूळ पगार असतो, भत्ते त्यात नसतात. करारावर मूळ पगार १,८०० दिरहम आणि बाकी भत्ते अशी विभागणी असेल तर रक्कम निम्म्याहून कमी होते. सही करताना एकूण आकडा सगळे पाहतात. मूळ पगाराची ओळ वाचणारे थोडे.

या सगळ्यावर पहिला आणि सर्वांत जड आक्षेप घराचा आहे. आई-वडील नाशिकरोडला, मूल सातवीत, आणि आई शारजात पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवते, हे चित्र कुठल्याही वहीत भरपाई होण्यासारखं नाही. मूल बरोबर न्यावं तर शाळेने फीत सवलत दिली तरी मोठं घर घ्यावं लागतं आणि बचत निम्म्यावर येते. मागे ठेवावं तर बचत टिकते आणि मुलाची दहा वर्षं जातात. मला याचं उत्तर आकड्यांत सापडत नाही, आणि ते तसं शोधूही नये. एवढंच म्हणता येतं की ही वाट सगळ्यांसाठी नाही. लग्नाआधीची पाच-सहा वर्षं मोकळी असलेली तरुणी, दोघंही शिक्षक असलेलं आणि मूल अजून लहान असलेलं जोडपं, किंवा मुलं कॉलेजात गेलेली चाळिशीतली बाई, यांच्यासाठी ती मोकळी आहे. मधल्या वर्षांत असलेल्यांनी पैशाच्या मोहाने तिकडे पाहू नये. पाच वर्षांचीच बचत झाली तरी ती वाया जात नाही. तिशीत ठेवलेल्या पुंजीला वाढायला तीस वर्षं मिळतात.

दुसरा आक्षेप असा की इतकं कमवायचं तर नाशिकमध्ये क्लास काढून का नाही? कॉलेज रोडच्या कोचिंग क्लासमधला भौतिकशास्त्राचा नावाजलेला शिक्षक शारजाच्या पगाराहून जास्त मिळवतो, हे खरं आहे, आणि त्याने कुठेही जाऊ नये. पण ती कमाई अकरावी-बारावीच्या स्पर्धा परीक्षांच्या दोन-तीन विषयांपुरती. मराठी, इतिहास, प्राथमिक वर्ग, चित्रकला शिकवणाऱ्यांना तो बाजार विचारत नाही. आखातातल्या शाळेला मात्र प्राथमिक वर्गाची शिक्षिका गणिताच्या शिक्षकाइतकीच लागते.

तिसरा आक्षेप समाजाचा: इथे शिकलेले शिक्षक तिकडे गेले तर इथल्या शाळांचं काय? राज्याने २००० साली शिक्षणसेवक योजना आणली आणि पात्र शिक्षकाला तीन वर्षं मानधनावर राबवण्याची पद्धत बसवली. २०२३ मध्ये मानधन वाढेपर्यंत प्राथमिक शिक्षणसेवकाला महिन्याला ६,००० रुपये मिळत होते. आता १६,००० मिळतात. अनुदानित संस्थेत जागा हवी तर देणगीच्या नावाने लाखो रुपये मागितले जातात ही तक्रार इतकी जुनी की भरती पारदर्शक व्हावी म्हणून पवित्र पोर्टल आणावं लागलं. ज्या व्यवस्थेने शिक्षकाच्या कामाला ही किंमत लावली तिने त्याच्या जाण्याला देशद्रोहाचं नाव देऊ नये. जाणारी शिक्षिका कुणाची जागा रिकामी करत नाही. तिच्या मागे बी.एड. झालेल्यांची रांग उभी आहे.

या आक्षेपाच्या पोटात दडलेला एक प्रश्न मात्र मी टाळणार नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी ती परत येईल तेव्हा काय शिकवेल आणि कुठे? सरकारी आणि अनुदानित भरतीची दारं तोवर बंद झालेली असतात. सर्वसाधारण वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८, मागास प्रवर्गाला ४३. तिशीत जाणाऱ्या प्रत्येकीने हे गृहीत धरूनच तिकीट काढावं. उरतात खासगी शाळा आणि तासिका तत्त्वावरची कामं. नाशिक जिल्ह्याचा पश्चिम भाग, म्हणजे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, हा आदिवासी तालुक्यांचा. राज्याच्या आदिवासी विकास विभागाचं आयुक्तालयही नाशिकमध्येच. त्या बाजूच्या आश्रमशाळांना गणित आणि इंग्रजीचे अनुभवी शिक्षक हवे असतात, आणि ज्या शिक्षिकेला पगारातून भविष्य साठवायचं नाही तिला सुरगाण्याला जाणं परवडतं. पण याच आश्रमशाळांतले रोजंदारीवरचे शिक्षक आणि कर्मचारी २०२५ च्या पावसाळ्यात नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडून बसले होते. नोकरी कायम व्हावी, बाहेरच्या कंपनीमार्फत भरती होऊ नये, ही त्यांची मागणी. ज्या कामावर त्यांचं पोट आहे ते काम गाठीला पैसा असलेल्या बाईने स्वस्तात पत्करलं तर मानधन वाढवण्याचं कारणच व्यवस्थेपुढे उरणार नाही. म्हणून परतलेल्या शिक्षिकेने तिथे जावं, पण तासाला इतरांना मिळतो तोच दर मागावा, शक्य असेल तर जास्त मागावा, आणि मानधनवाढीच्या निवेदनावर पहिली सही करावी. तिची पुढच्या महिन्याची चूल त्या नोकरीवर अवलंबून नसते. वरिष्ठांसमोर खुर्चीत बसून ‘हे मानधन कमी आहे’ असं म्हणणं तिला इतर कुणाहीपेक्षा सोपं जाईल.